दव पिणारा रस्ता

बाटलीतली आंब खोटी होती, हे सारिका मेटकरीला पहिल्याच थेंबाला कळलं.

दरवर्षी पौषात केराआत्याची बाटली यायची. मंगळवेढ्याच्या स्टँडवर कुणातरी ओळखीच्या कंडक्टरच्या हाती सोपवलेली, फडक्यात गुंडाळलेली, बुचावर मेण लावलेली. हरभऱ्याच्या पाल्यावर थंडीत जे आंबट दव साठतं ते पहाटे धोतराच्या फडक्यानं टिपायचं, पिळायचं आणि काचेच्या बाटलीत भरून ठेवायचं, ती आंब. पोट दुखलं, अजीर्ण झालं, ऊन लागलं, की चार थेंब पाण्यात घालून द्यायचे. माणूस उठून बसतो, असं आत्याच्या गावात, हिवरवाडीत, सगळेच मानत. खरी आंब नुसती आंबट लागत नाही, जिभेला चावते. दात आंबतात, आणि मागून हिरव्या पाल्याचा उग्र वास येतो. ही बाटली मात्र सरळसरळ लिंबू होती. लिंबू, मीठ, आणि रंग यावा म्हणून कसलासा पाला चुरगळून घातलेला.

सारिकाचा जन्म रसायनांत गेलेला. तिलाच फसवायला आत्यानं लिंबू पिळावं, याचं तिला आधी हसू आलं. मग ते विरलं. केराबाई खोटं बोलणारी बाई नव्हती. उलट खरं बोलून भांडणं ओढवून घेणारी होती. नवरा वारल्यावर ती माहेरी परतली, आणि आई गेलेल्या सारिकाला तिनंच लहानाचं मोठं केलं. पुढं सारिकाचा बाप गेला, चुलते पांगले, आणि तिला हक्कानं ‘सारे’ म्हणून हाक मारणारं हे एकच माणूस जगात उरलं. पुण्यातल्या तिच्या फ्लॅटची बेल वाजली तर ती सामान पोचवणाऱ्याची, नाहीतर शेजारच्यांऐवजी चुकून तिच्याकडं वाजलेली. तिचं लग्न जमवायला कुणी नव्हतं आणि पुढं तिलाही सवड झाली नाही. तिनं आत्याला फोन केला. आत्या म्हणाली, यंदा थंडीच नाही, आंब जरा पातळ आलीय, आणि घाईघाईनं फोन ठेवून दिला. थंडी तर चांगली कडाक्याची होती. सारिकानं रजा टाकली आणि मंगळवेढ्याची एसटी धरली.

शेवटचा टप्पा गाडी सारिकाच्याच रस्त्यावरून गेली. आता हा रस्ता काय प्रकरण आहे ते आधी सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं त्याच्यापायी झालं.

लोकांना वाटतं काँक्रीट वाळून घट्ट होतं. छे! ते पाणी पिऊन घट्ट होतं. सिमेंटचा कण पाण्याशी जुळतो, त्यातून सुईसारखे बारीक स्फटिक उगवतात, ते एकमेकांत गुंततात आणि त्या गुंत्याचाच दगड बनतो. पाणी मध्येच तुटलं तर गुंता अर्धवट राहतो आणि भेगा पडतात. म्हणून तर स्लॅब घातला की आठवडेच्या आठवडे पाणी मारावं लागतं, आणि रस्ता असला तर त्यावर पोती अंथरून ती टँकरनं ओली ठेवावी लागतात. दुष्काळी मुलखात एकीकडं बायका हंडे घेऊन उन्हात उभ्या आणि दुसरीकडं रस्ता घटाघटा पाणी पितोय, हे सारिकानं लहानपणी पाहिलं होतं. आत्याच्या पदराला धरून ती स्वतःच त्या रांगेत उभी होती.

तिनं आणि कंपनीतल्या तिच्या सोबत्यांनी वर्षानुवर्षं खपून जी भुकटी शोधली तिला मजूर ‘पिठी’ म्हणत. दिसायला पिठीसाखरच. पण तिच्या एकेका कणात मधाच्या पोळ्यासारखी अगणित घरं, डोळ्याला न दिसणारी. रात्री हवा गार झाली की हवेतली वाफ त्या घरांत शिरून बसते, आणि दिवसा ऊन तापलं की बाहेर पडते. ही पिठी काँक्रीटमध्ये मिसळली की ते रात्री हवेतून पाणी ओढून घेतं आणि दिवसा तेच सिमेंटला पाजतं. टँकर नको, पोती नकोत. वाचलेलं पाणी धरणात राहिलं आणि तिथून गावांच्या नळांना गेलं. पहिला मोठा रस्ता कुठं करायचा असा प्रश्न आला तेव्हा सारिकानं साहेबांपाशी हट्ट धरून आपलाच मुलूख मागून घेतला. गेल्या उन्हाळ्यात रस्ता पुरा झाला तेव्हा हिवरवाडीनं तिला शाल-नारळ दिला. आत्या पहिल्या रांगेत बसली होती आणि दिसेल त्याला सांगत होती, बिनपाण्याचा रस्ता आमच्या सारीनं केला म्हणून.

तर अशी ती गावात उतरली. आत्याचं दोन खोल्यांचं घर रस्त्याला लागूनच. त्या घराचं दार दिवसा लावलेलं सारिकानं कधी पाहिलं नव्हतं. ओसरीवर कुणी ना कुणी बसलेलं असायचंच. कुणाच्या पोटात कळ, कुणाचं पोर रडतंय, कुणाला नुसतंच सुनेचं गाऱ्हाणं सांगायचंय. आज दार आतून बंद होतं. दोनदा कडी वाजवल्यावर आत्यानं उघडलं. ती वाळली होती. उजवा हात पदराखाली घेऊन ती उभी होती, आणि चहाही तिनं डाव्याच हातानं टाकला. हाताला काय झालं म्हणून विचारलं तर म्हणाली, काय होणार, म्हातारपण. बाटलीचा विषय सारिकानं काढला नाही आणि आत्यानं काढू दिला नाही.

खरं काय ते शेजारच्या सुगलाबाईंनी सांगितलं. सारिका परसात धुणं वाळत घालत होती, तेव्हा त्या कुंपणापाशी आल्या आणि आवाज उतरवून म्हणाल्या, केराआत्याचा हात गेला. गावातला समज असा, की आंब कुणालाही येत नाही. त्यासाठी हाताला यश लागतं, आणि ते यश पिढीत एखाद्याच बाईला मिळतं. म्हणून हिवरवाडीत हरभऱ्यावर फडकं टाकायची ती एकट्या केराबाईनं. दुसरी कुणी त्या वाटेला जायची नाही. तो हात चांगला, म्हणून बाळंतिणीला शेक द्यायला, तान्ह्याला न्हाऊ घालायलाही तिलाच बोलावणं. यंदा सगळा मार्गशीर्ष ती रानात जात राहिली आणि फडकं कोरडंच घेऊन परत आली. पौष लागला तरी तेच. मग कुणी म्हणालं, ज्या हाताला हरभऱ्यानं नाकारलं त्या हातात लेकरू कसं द्यायचं? तिला घालूनपाडून कुणी बोललं नाही, हे सुगलाबाईंनी शपथेवर सांगितलं. फक्त बोलावणं बंद झालं. आणि आत्याला स्वतःलाच ते इतकं पटलं, की ती दार लावून बसली.

 सारिका एवढी शिकलीसवरलेली बाई, पण रात्री अंथरुणावर पडल्यावर तिच्याही मनात क्षणभर आलं, की खरंच गेला असेल का आत्याचा हात? मग तिला स्वतःचीच लाज वाटली.

पहाटे ती फडकं घेऊन एकटीच रानात गेली. आत्याला चल म्हणाली, तर तिनं भिंतीकडं तोंड फिरवलं. मेटकऱ्यांचं रान रस्त्याला लागून होतं. लहानपणी पाहिलं होतं तसं तिनं फडकं हरभऱ्यावरून अलगद ओढत नेलं. ते चिकट झालं, हिरवं झालं, पण ओलं झालं नाही. पिळलं तर बोटांना नुसती चुणचुण. तिनं घाटे चेपून पाहिले, बरेच पोचट होते. इथलं काळं रान विहिरीच्या पाण्यावर पिकत नाही. पावसाळ्यात जमिनीत मुरलेली ओल आणि थंडीतलं दव, एवढ्यावरच ज्वारी आणि हरभरा उभा राहतो. ती तिथून निघाली आणि रस्त्याकडं पाठ करून चालत राहिली, प्रत्येक बांध ओलांडला की फडकं टाकून पाहायचं. फडकं हळूहळू दमट होत गेलं. ओढ्यापलीकडं, रस्ता दिसेनासा झाला तिथं, ते इतकं भिजलं की पिळताना तिचे मनगटापर्यंत हात ओले झाले. जिभेला लावलं, आणि ती खरी आंब होती. कचकन चावली.

सारिकानं वळून रस्त्याच्या दिशेला पाहिलं. जे कळायचं ते तिला कळून चुकलं होतं.

सिमेंटची तहान काही आठवड्यांत भागते. पिठीची भागत नाही. सिमेंट घट्ट होऊन गेल्यावरही तिची घरं तशीच उघडी राहतात. रोज रात्री ती हवेतलं पाणी आत घेत होती आणि रोज दुपारी उन्हात बाहेर टाकत होती. ते दुपारचा वारा घेऊन जायचा, कुणाच्याच कामाचं नाही. कागदावर हा हिशोब सारिकानं केला होता आणि हसून सोडून दिला होता, कारण हवा म्हणजे समुद्र. त्यातून रस्ता किती पिणार? पण थंडीत वारा पडलेला असतो. जड, गार हवेचा एक पातळ थर जमिनीलगत निपचित पडून राहतो, आणि दव पडतं ते तेवढ्याच थरातून. रस्ता तोच थर ओढून घेत होता. सारिकाच्या लोकांची हवा मोजायची यंत्रं होती खांबावर, माणसाच्या डोक्याच्याही वर. हरभरा असतो गुडघ्याखाली, आणि आत्याला हरभऱ्यावर आंब टिपताना बघत वाढलेल्या सारिकाला यंत्र खाली बांधायचं सुचलं नव्हतं. या रस्त्याआधी पुण्यातल्या एका पुलावर पिठीची चाचणी झाली तेव्हा तिथं दव गेलं काय आणि राहिलं काय, विचारतो कोण?

तिनं तिथूनच शहाणे साहेबांना फोन लावला. हे तिचे वरिष्ठ, माणूस वाईट नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि उपाय काय म्हणून विचारलं. उपाय एकच होता. पिठीची घरं कायमची बुजवायची. त्यासाठी रस्त्यावर पोती अंथरून ती काचपाण्यानं, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या सिलिकेटनं, आठवडेच्या आठवडे भिजवत ठेवायची. थोडक्यात, जेवढं पाणी वाचवलं जवळपास तेवढंच परत ओतायचं.  साहेब म्हणाले, त्या पाण्यावर किती नळ चालू आहेत ते तुम्हाला माहीत आहे. एका पट्ट्याचा हरभरा आणि एवढ्या गावांचं पिणं, असं तराजूत घालून बघा. निदान हंगाम संपेपर्यंत कुठं बोलू नका. सारिकाला ते पटलं, हीच तर पंचाईत होती. ती रांगेत उभी राहिलेली पोर होती.

पण घरी आली आणि आत्या चुलीपुढं डाव्या हातानं भाकरी थापायची धडपड करताना दिसली. भाकरी फाटत होती, आत्या पुन्हा पीठ गोळा करत होती. सारिकाला राहवलं नाही. ती शेजारी बसली आणि साध्या शब्दांत सगळं सांगून टाकलं. शेवटी म्हणाली, “आत्या, तुझ्या हाताला काही झालेलं नाही. तुझं दव माझा रस्ता पितोय.”

आत्यानं उजवा हात पदराखालून काढला आणि उलटासुलटा करून पाहिला. ओढ्यापलीकडं खरंच आली का, किती आली, दोनदोनदा विचारलं. सारिकानं आपला हात तिच्या नाकाशी नेला. तो वास आल्यावर म्हातारी हसायला लागली, आणि हसताहसता रडायला लागली. मग डोळे पुसून तिनं विचारलं, हे कुणाला बोललीस? सारिका म्हणाली, साहेबांना, आणि उद्या ग्रामसभा आहे, तिथं सगळ्यांना सांगणार आहे.

“न्हाई सांगायचं,” आत्या म्हणाली. “माझा हात गेला तर गेला. म्हातारीचा हात, आज न्हाई तर उद्या जायचाच हुता. तू गप ऱ्हा. लोकं तुला ह्या गावात उभं ऱ्हाऊ द्यायची न्हाईत, सारे.”

“आणि तू अशीच दार लावून बसणार?”

“बसंन की. तू येतीस न्हवं मदनंमदनं.”

 तव्यावरची भाकरी करपली तरी आत्यानं उलटली नाही, सारिकानं उलटली.

सारिकाला रात्रभर झोप लागली नाही. बोलावं तर आत्याचं ऐकलं नाही असं होणार, आणि न बोलावं तर आत्या मरेपर्यंत पदराखाली हात घेऊन बसणार, स्वतःच्या भाचीपायी. शिवाय पुढच्या थंडीपर्यंत तसलाच रस्ता आणखी कितीतरी काळ्या रानांतून जाणार होता. तिथंही कुणी केराबाई असेल, आणि तिला सांगायला कुणी भाची नसेल.

ग्रामसभा शाळेच्या पटांगणात भरली. सरपंच औदुंबर घुले यांनी कौतुकानं सारिकाला बोलायला उभं केलं. ती बोलली. काही झाकलं नाही, शास्त्राच्या आडोशाला गेली नाही. चूक माझी, यंत्रं मी उंच बांधली, म्हणाली. केराआत्याच्या हाताला काही झालेलं नाही असं ती म्हणाली, तेव्हा बायका वळून मागं बघायला लागल्या. आत्या सगळ्यांत मागं, भिंतीला टेकून बसली होती.  मग ज्यांची रानं रस्त्याकडेला होती ते एकेक करून उभे राहिले. कुणाच्या ज्वारीची कणसं भरली नव्हती, कुणी हरभरा मोडून जनावरांना घातला होता. अंबादास नावाचे एक म्हातारे शेतकरी एवढंच म्हणाले, “शाल आम्हीच दिली की हो हिला.” आरडाओरडा झाला असता तर सारिकाला बरं वाटलं असतं. सुगलाबाईंनी उठून आत्याचा उजवा हात धरला आणि तिला बायकांच्या मधोमध नेऊन बसवलं. मग त्या सगळ्याजणी सारिकाकडं पाठ करून बसल्या.

संध्याकाळी आत्याच्या दारात माणसं जमली, पण ओसरीवर चढेनात. सुगलाबाईंनी अंगणातूनच सांगितलं, आत्या, आम्ही चुकलो, आता रोज येऊ, पण ती घरात असताना नाही यायचो. आत्या बाहेर गेली, त्यांच्याशी बोलली आणि आत येऊन सारिकाच्या समोर बसली. 

“तुला वाटलं आसंल, म्हातारी तुला वाचवायला गप बस म्हनती,” ती म्हणाली. “तसं न्हवतं गं. हात नगं हुता मला. माजं एक माणूस पायजे हुतं.”

 सकाळच्या पहिल्या गाडीनं सारिका निघाली. आत्या फाट्यापर्यंत आली नाही.

गोष्ट अशी चारचौघांत आल्यावर कंपनीला टाळता आलं नाही, आणि पिठीची घरं बुजवायचं काम उन्हाळ्यात झालं. ते सारिकानं स्वतः उभं राहून करून घेतलं, कंपनीतलं तिचं ते शेवटचं मोठं काम. मैलोगणती पोती अंथरली गेली आणि टँकर रांगेनं येऊन त्यांवर रिते होत राहिले. पलीकडच्या वाडीचे नळ त्या महिन्यांत आटले, आणि बायका हंडे घेऊन कडेला येऊन उभ्या राहायच्या. काचपाणी प्यायचं नसतं, हे त्यांना सांगायलाही सारिकालाच जावं लागलं.  त्या रिकामे हंडे घेऊन परत जायच्या. पुढं पिठीचं काम गुंडाळलं गेलं आणि तिला नागपूरच्या कचेरीत बसवलं. तिथं तिला कुणी ओळखत नव्हतं आणि तिनंही कुणाशी ओळख वाढवली नाही. आत्या फोन उचलायची, पण दोन शब्द बोलून ठेवायची. घरात सतत कुणीतरी असायचं.

पौष लागला तेव्हा सारिकानं एका सकाळी न राहवून फोन लावला.

“आली बग, सारे,” आत्याचा आवाज दबका होता, पण त्यात जुना उल्हास होता. “फडकं पिळून पिळून मनगाट दुखाय लागलं.” सारिका विचारणार होती, तू कशी आहेस, तेवढ्यात पलीकडं दारात कुणीतरी हाक मारली. थांब हं, म्हणून आत्यानं फोन कुठंतरी ठेवला. तो बंद करायचं ती विसरली.

सारिका ऐकत राहिली. कुणाच्या तरी सुनेला उलट्यांनी बेजार केलं होतं. आत्या तिला जीभ बाहेर काढ म्हणाली, ती कळवळली, आणि भोवतीच्या बायका हसल्या. भांडी वाजली. कुणीतरी ओसरीवर बसकर टाकलं. मग सुगलाबाईंचा आवाज फोनच्या अगदी जवळ आला.

“कुणाचा गं फोन हुता, आत्या?”

“कुणाचा न्हाई,” आत्या म्हणाली. “त्ये कंपनीवालं करत्यात बग, तसला.”

सारिका फोन कानाशी धरून तशीच बसली. पलीकडं सुगलाबाई म्हणाल्या की मग चहा तरी टाक, आणि आत्या कपबशा काढायला लागली.